आधार, पॅन, पासपोर्ट सगळं आहे. मग जर्मनीला जन्मदाखला कशाला हवा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पतीला म्युनिकमध्ये नोकरी लागली आहे, दोन महिन्यांत निघायचं आहे आणि बाळंतपण तिकडेच होणार आहे. पासपोर्टवर तुमचं माहेरचं नाव आहे, आधार आणि पॅनवर सासरचं. महापालिकेच्या जन्मदाखल्यात तुमचं नावच नाही, नुसतं 'स्त्री', जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं. आता पतीच्या कंपनीने दोघांचेही जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत आणायला सांगितलं आहे. चार-चार ओळखपत्रं असताना हे जुने कागद कशाला आणि प्रत्येक देशाचं ओळखपत्रांचं प्रकरण इतकं वेगळं का, असं तुम्ही विचारताय.

मी पुण्यात जर्मन भाषांतराचं काम करते. त्यातलं बहुतेक जन्म, विवाह, घटस्फोट आणि पदव्यांच्या कागदांचं असतं, त्यामुळे हे कागद पुढे कुठल्या टेबलावर अडतात ते बऱ्यापैकी कळतं. वकील नाही. म्युनिकच्या कार्यालयातला अधिकारी शेवटी काय मागेल हे त्याच्या अखत्यारीतलं आहे, आणि शेजारच्या गावातला दुसरा अधिकारी वेगळं मागू शकतो. तेवढं धरून वाचा.

आपण 'ओळखपत्र' या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. ही व्यक्ती कोण, ती राहते कुठे, ती नागरिक कुठल्या देशाची, आणि तिला इथे राहायची परवानगी आहे का. कुठलंही एक कार्ड यातल्या एखाद-दोन प्रश्नांचं उत्तर देतं. आणि कार्ड हा नुसता उतारा असतो. सातबारा हातात असून भागत नाही, तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदलेला असावा लागतो, तसंच हे आहे. नवीन देशात जाताना 'तिथे कुठलं कार्ड चालतं' यापेक्षा 'तो देश कुठल्या नोंदवहीवर विश्वास ठेवतो, आणि त्या वहीत शिरायला माझ्याकडे काय आहे' हे विचारलं, की निम्मा गोंधळ निवळतो.

आधी आपलंच घर बघू. पहिली आधार कार्डं 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिली गेली. गाव निवडलं ते उगाच नाही. ज्यांच्याकडे जन्मनोंद नाही, घराचा कागद नाही, बँकेत खातं नाही, अशा माणसांना एकदा तरी मोजून घ्यायचं होतं. म्हणून आधारची सगळी भिस्त बोटांच्या ठशांवर आणि डोळ्यांवर आहे. ठसे तुमचेच, ही खात्री पक्की. पण नाव, पत्ता, बऱ्याचदा जन्मतारीखही तुम्ही दाखवलेल्या दुसऱ्या कागदावरून आलेली असते. रेशनकार्डावरून आधार, आधारवरून पॅन, पॅनवरून बँक, बँकेच्या पासबुकावरून पुन्हा पत्त्याचा पुरावा, असं आपलं गोल फिरतं. शिवाय आधार रहिवाशाला मिळतं. भारतात 182 दिवस राहिलेला परदेशी माणूसही ते काढू शकतो. म्हणूनच ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं त्याच्यावर छापलेलं असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नेपाळ. तिकडे विमानाने जाताना भारतीयांना पासपोर्ट लागतोच असं नाही, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. पण 15 ते 65 वयाच्या माणसाचं आधार चालत नाही. सहल कंपनीच्या सूचना नीट न वाचणारे विमानतळावर यावरून वाद घालतात, पण तर्क सरळ आहे. मतदार फक्त नागरिकच असतो.

जर्मनीची गंमत याच्या अगदी उलट. तिथे जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंद 1 जानेवारी 1876 पासून देशभर सक्तीची आहे. आपल्याकडे जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा 1969 चा, आणि तो खेडोपाडी अंगवळणी पडायला आणखी काही दशकं गेली. म्हणजे म्युनिकच्या नोंदणी कार्यालयात बसलेल्या बाईंच्या पणजीचाही जन्म वहीत नोंदलेला आहे. जन्मनोंद नसलेला किंवा बिननावाची नोंद असलेला सुशिक्षित माणूस त्यांच्या कल्पनेत बसत नाही. त्यांना तुमच्याबद्दल शंका असते असं नाही, त्यांच्या साखळीतली पहिली कडी तिथे सापडत नाही एवढंच.

त्यांच्याकडे दोन वह्या आहेत, आणि तुमचा दोन्हींशी संबंध येणार आहे. एक रहिवाशांची. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथे नाव नोंदवायचं, त्याला 'आन्मेल्डुंग' म्हणतात. घरमालकाने सही केलेलं, तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र लागतं, भाडेकरार पुरत नाही. लाइट बिल दाखवून पत्ता सिद्ध करायची आपली सवय तिथे उपयोगाची नाही, तिथे पत्ता सरकारला आधीच ठाऊक असतो. या नोंदीनंतर 11 आकडी कर क्रमांक टपालाने येतो आणि तो आयुष्यभर तोच राहतो. इथे एक फुटकळ वाटणारी पण फार महत्त्वाची गोष्ट: टपालपेटीवर दोघांचीही आडनावं लावा. तुमचं आडनाव पतीपेक्षा वेगळं, आणि पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर फक्त पतीचं नाव असलं की तुमचा कर क्रमांक, विम्याचं कार्ड, राहण्याच्या परवान्यासाठी भेटीची तारीख सगळं परत जातं, आणि लोक महिनोन्महिने 'कार्यालय उत्तर देत नाही' म्हणत बसतात.

दुसरी वही 'श्टांडेसआम्ट'ची, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यू नोंदणीची. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. नोकरीसाठी, बँकेसाठी ओळख म्हणून तुमचा पासपोर्ट पुरेल. पण तिथे मूल जन्मलं की आठवड्याच्या आत त्याची खबर द्यावी लागते (बहुतेक वेळा इस्पितळच देतं), आणि बाळाच्या नोंदीत आईवडील कोण हे त्यांच्या जन्मदाखल्यांवरून आणि विवाहाच्या दाखल्यावरून लिहिलं जातं. कंपनीने हे कागद मागितले ते बहुधा आधीच्या एखाद्या कुटुंबाचे हाल बघूनच. कागद पुरेसे नसले तर बाळाची नोंद अडत नाही, पण पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा तिच्यात पडू शकतो, आणि नेहमीच्या जन्मदाखल्याऐवजी नोंदीचा साक्षांकित उतारा हातात येतो. कायद्याने तो खरा कागद आहे. फक्त प्रत्येक खिडकीवर त्या शेऱ्याचा खुलासा करत बसावं लागतं.

जर्मन माणसाचं स्वतःचं ओळखपत्र बघितलंत तर फरक डोळ्यांत भरतो. 16 वर्षांनंतर ते किंवा पासपोर्ट, दोन्हींपैकी एक जवळ असलंच पाहिजे. त्यावर पत्ता असतो, उंची असते, डोळ्यांचा रंग असतो. वडिलांचं नाव नसतं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, वडील, जोडीदार आणि पत्ता असं सगळं कुटुंब बसलेलं असतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टात ते सापडायचं नाही. पूर्वी ग्रीसच्या ओळखपत्रावर धर्म लिहीत, तो 2000 मध्ये काढला. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात असते. कुठल्या देशाने कार्डावर काय लिहिलं यावरून त्याला माणसाबद्दल काय महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं, पण त्यावर लिहीत बसले तर तुमची गाडी चुकेल.

बाकीचे देश भराभर सांगते, कारण प्रत्येक देशात वेगळं का असंही तुम्ही विचारलंय. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. महायुद्धात 1939 ला आणलं, 1952 ला बंद केलं, अलीकडे पुन्हा आणू पाहिलं आणि 2010 च्या कायद्याने मोडीत काढलं. त्यामुळे तिथे पासपोर्ट, वाहन परवाना, स्थानिक कराचं बिल, बँकेचं स्टेटमेंट असे तुकडे जोडून ओळख उभी करायची. म्हणून तिथे नवीन आलेल्याला बँक खात्यासाठी पत्ता आणि पत्त्यासाठी बँकेचा कागद अशी कोंडी होते. अमेरिकेतही तसंच, तिथे राज्याचा वाहन परवाना हेच व्यवहारातलं ओळखपत्र. सोशल सिक्युरिटी क्रमांक 1936 मध्ये पेन्शनच्या हिशेबासाठी निघाला, पुढे कित्येक वर्षं त्या कार्डावर 'ओळखीसाठी नाही' असं छापत, तरी सगळा देश तो ओळखीसाठीच वापरतो. स्वीडनमध्ये 1947 पासून जन्मतारखेने सुरू होणारा व्यक्ती क्रमांक आहे. तो मिळाला की सगळी दारं उघडतात, मिळेपर्यंत साधं मोबाइल कनेक्शन मिळवतानाही दमछाक होते. अमिरातीच्या ओळखपत्राचा 15 आकडी क्रमांक 784 ने सुरू होतो, तो त्या देशाचा संकेतांक, आणि ते कार्ड तुमच्या राहण्याच्या परवानगीला बांधलेलं असतं. जपानमध्ये कुटुंबाची नोंदवही हा पाया आहे, आणि परदेशी माणसाला त्या वहीत स्वतःचं पान मिळत नाही. तो रहिवाशांच्या नोंदीत जातो आणि निवास कार्ड कायम खिशात ठेवतो.

कार्डामागच्या वहीला किती वजन असतं ते गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. 19 डिसेंबर 1961 च्या आधी तिथे जन्मलेल्यांचे किंवा त्यांच्या मुलांचे जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढवले जातात. हातात पोर्तुगीज कार्ड यायच्या आधीच, नुसत्या त्या नोंदीने भारतीय नागरिकत्वाचं काय होतं, हा वाद थेट न्यायालयात गेला. आपला 1955 चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून.

आता तुमचं नाव. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त घोळ याचाच असतो, आणि तो मराठी माणसाचा खास आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी आपली तिपेडी. पासपोर्टला रकाने दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. मधलं नाव कुठेतरी बसवायचं म्हणून ते दिलेल्या नावाच्या रकान्यात जातं. जर्मन कार्यालय ते वाचतं तेव्हा त्यांच्या लेखी तुम्हाला दोन पहिली नावं आहेत आणि त्यातलं दुसरं तुमच्या वडिलांचं आहे हे त्यांना कळायचं कारण नाही. विमा कंपनी तुम्हाला पत्रात काहीही म्हणो, सरकारी कागदावर पासपोर्टात आहे तेच, त्याच क्रमाने लिहा. पासपोर्टच्या तळाशी 44-44 अक्षरांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात आडनाव आधी आणि मग दिलेली नावं असतात. यंत्र तेवढंच वाचतं. ज्या जर्मनांच्या आडनावात दोन टिंबांचा 'यू' असतो, त्यांचंही स्पेलिंग त्या ओळीत 'यू-ई' असं बदलतं, त्यामुळे स्पेलिंगच्या भानगडीबद्दल त्यांना थोडी सहानुभूती असते. नाव अख्खं बदललेलं असलं की मात्र नसते.

'निघण्याआधी पासपोर्टवर सासरचं नाव करून घेऊ का' असंही तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता हात लावू नका. व्हिजा याच पासपोर्टवर लागणार, नवरा-बायकोचं आडनाव एक असावं अशी जर्मनीत कायद्याने सक्ती नाही, आणि माहेरचं नाव तुमच्या शाळा-कॉलेजच्या कागदांशी, आईवडिलांच्या नावांशी जुळतं. ही जुळणी मोडलीत तर जन्मदाखला ते पासपोर्ट हा पूल तुम्हाला पुन्हा बांधावा लागेल. आधार आणि पॅनवरचं सासरचं नाव म्युनिकमध्ये कोणी विचारणार नाही. इथल्या बँकेला मात्र ते दिसणार, कारण परदेशी राहायला गेल्यावर खात्याचा प्रकार बदलताना पासपोर्ट आणि पॅन शेजारी-शेजारी ठेवले जातात. ते सवडीने पासपोर्टाप्रमाणे करून घ्या. अर्थात, पुढे कायम सासरच्याच नावाने वावरायचं असा तुमचा ठाम निर्णय असेल तर उत्तर बदलतं. तेव्हा सगळंच एकदम बदलावं लागेल आणि त्याला दोन महिने पुरणार नाहीत.

जन्मदाखल्यात नाव घालायचं काम मात्र आजच सुरू करा. नियमाप्रमाणे बाळाचं नाव जन्मनोंदीत 15 वर्षांच्या आत घालायचं असतं. मोठ्या झालेल्यांसाठी महाराष्ट्रात अधूनमधून मुदत वाढवून दिली गेली आहे, सध्या तशी सोय चालू आहे का हे ज्या महापालिकेत नोंद आहे तिथे विचारा. सोबत शाळा सोडल्याचा दाखला न्या. या दाखल्याला आपल्याकडे देवाच्या खालोखाल मान, जन्मतारखेपासून जातीपर्यंत सगळं त्यावरून ठरतं. जर्मनीत त्याची किंमत फार तर आधाराचा कागद म्हणून. पण नाव, तारीख, जन्मगाव आणि वडिलांचं नाव तिथे एकत्र असल्याने बिननावाच्या जन्मनोंदीला तो चांगला टेकू देतो. नाव चढलं नाही तर तोच दाखला, प्रतिज्ञापत्र आणि मूळ जन्मदाखला यांचा संच करायचा. काही कार्यालयं तो घेतात, काही घेत नाहीत, आणि हे आधीच सांगता येण्यासारखं नाही.

एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर अपोस्टिल नावाचा शिक्का मारतात, त्याबद्दल एजंट तुम्हाला सांगतीलच. हा शिक्का एकमेकांचा मानायचा देशांचा एक करार आहे, भारत 2005 पासून त्यात आहे आणि इतर पुष्कळ देशांसाठी तो शिक्का पुरतो. पण भारताच्या सहभागाला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे जन्म-विवाहाच्या कागदांना नुसत्या शिक्क्याने तिथे भागत नाही. तिथल्या नोंदणी कार्यालयाला शंका आली तर ते भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणी करून घेतं. ती सहसा तुम्ही स्वतःहून आधी मागवू शकत नाही, तिला काही महिने लागतात आणि खर्च तुमच्याकडून घेतला जातो. पडताळणी करणारा माणूस तुमचा लॅमिनेट केलेला दाखला बघत नाही. तो इथल्या कार्यालयात जाऊन मूळ वही उघडतो. म्हणून वहीत जे आहे ते बरोबर करून घ्या. दाखल्यावर 'सुनीता' आणि वहीत 'सुनिता' असेल, किंवा वडिलांचं नाव एका ठिकाणी लाडाचं आणि दुसऱ्या ठिकाणी खरं असेल, तर ते आत्ताच शोधा.

विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर तुमचं लग्नाआधीचं पूर्ण नाव आहे ना, तेही बघा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईची आहेत असं सांगणारा तुमच्याकडचा तेवढा एकच सरकारी कागद आहे. तिन्ही कागदांच्या ताज्या सही-शिक्क्याच्या मूळ प्रती दोन-दोन घ्या. स्वतः सही केलेल्या झेरॉक्सला तिथे काही अर्थ नाही. प्रत मागितली तर अधिकृत साक्षांकित प्रत लागते, आणि ती बहुतेक वेळा मूळ कागद समोर ठेवून तिथेच करून मिळते. भाषांतराची घाई करू नका. माझंच काम आहे तरी सांगते: अनेक कार्यालयांना जर्मनीतल्या न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराचंच भाषांतर हवं असतं. आधी ईमेल करून विचारा.

तेव्हा तुमच्यापुरता क्रम असा: जन्मनोंदीत नाव, विवाह प्रमाणपत्राची तपासणी, मूळ प्रती, मग प्रवास. आधारवरचं नाव सगळ्यात शेवटी.

बाळाचं नाव कसं लिहायचं हे मात्र बाळंतपणाच्या आधीच दोघांनी ठरवून कागदावर लिहून ठेवा. तुमची आडनावं वेगळी असल्याने बाळाचं आडनाव कुठलं हे तिथे विचारलं जाईल. वडिलांचं नाव मधे घालायचं तर ते बाळाचं दुसरं पहिलं नाव म्हणून नोंदलं जाईल, आणि बाळाच्या भारतीय पासपोर्टावरही तेच उतरेल. मला विचाराल तर बाळाचं नाव आणि आडनाव एवढंच ठेवा. तिपेडी नाव घरी, पत्रिकेत, लग्नपत्रिकेत हवं तेवढं वापरा. दाखला घेताना अनेक भाषांत छापलेला आंतरराष्ट्रीय नमुना मागून घ्या, त्यात इंग्रजी असतं, म्हणजे आपल्या वकिलातीत भाषांतराचा खर्च वाचतो. आणि वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा. तिथे जन्मलं म्हणून बाळ जर्मन नागरिक होत नाही. त्यासाठी आई किंवा वडिलांचं तिथे कायदेशीर 5 वर्षं वास्तव्य आणि कायमचा निवास परवाना लागतो. म्हणजे त्याला राहण्याचा परवाना काढायला भारतीय पासपोर्ट लागणारच.

राहिला तुमच्या आईचा प्रश्न. त्यांच्या पासपोर्टवर 1 जून आहे आणि खरा जन्म श्रावणातला, म्हणून तुम्ही घाबरला आहात. त्या पिढीत मास्तरांनी शाळेत घालताना 1 जून लिहून टाकलेली अर्धा महाराष्ट्र भरेल एवढी माणसं आहेत. आई पाहुण्या म्हणून येणार आहेत, त्यांचा जन्मदाखला तिथे कोणी मागणार नाही. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध हवा, 30,000 युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा हवा, आणि खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढून त्याची मूळ प्रत त्यांना कुरियरने पाठवा. त्या कार्यालयाची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा घराची नोंद झाल्या-झाल्या अर्ज टाका.